फुकटचा बॉल

बास्केटबॉलमध्ये फुकटचा बॉल मिळतो, हे मला म्हातारपणी कळलं, आता हसा. तळेगावात माझ्या नातीची मॅच होती. आमची सानिका घरी कुरवंड्यात माझ्याशी भांडायला वाघीण, पण मैदानात बॉल हाती आला की घाबरून दुसरीला देणार. शेवटी दोन्ही टीम बरोबरीत होत्या, तेवढ्यात समोरच्या पोरीनं हिच्या बरगडीत कोपर मारलं. शिट्टी वाजली.

शेजारी बसलेला म्हणाला, "आबा, तिला दोन फ्री थ्रो दिलेत, कुणी अडवायचं नाही. एक जरी गेला तरी जिंकलो."

पहिला हुकला. पोरगी रडवेली झाली. मी ओरडलो, "सानिके, फुकट मिळालाय गं. आपल्या घराण्यात फुकटचं कुणी सोडलंय का?"

अख्खं मैदान हसलं. मला वाटलं, आता ही खेळ सोडून घरी जाती. पण तिनं बरगडी चोळली आणि माझ्याकडं वळून म्हणाली, "आबा, फुकट न्हाई. कोपर खाल्लंय मी त्याच्यापायी."

आणि दुसरा बॉल टाकला, तो थेट जाळीत.

शेजारचा म्हणाला, "आबा, तुमच्यावरच गेलीय."

म्हटलं, "न्हाई रं, किंमत देऊन घेणारी आमच्यात ही पहिलीच."