चांगल्याला टाका कशाला

नाही ताई, ती गोळी आज मी देणार नाही. एरवी देते हो, मागच्या महिन्यात तुम्हालाच दिली होती. पण आत्ता तुम्ही म्हणालात, मुलीच्या पोटात एकाच बाजूला दुखतंय, अचानक उठलं, दोनदा उलटी झाली — मग ते पाळीचं कशावरून? का म्हणजे? मीही दिली होती. माझ्याच मुलीला, तेरा वर्षांची होती तेव्हा. वीस वर्षं या काउंटरमागे उभी आहे, पोट धरून आलेल्या पोरी काय कमी पाहिल्या — चेहरा बघून गोळी काढते मी. तशीच काढली. दुखणं दबलं, मला वाटलं बरं झालं. दुसऱ्या दिवशी ऑपरेशन. डाव्या अंडाशयाला पीळ पडला होता, रक्तच पोचत नव्हतं, काळंठिक्कर पडलेलं. काढून टाकलं.

मागे आवाज येतोय ना, खोकी रचतेय, तीच ती. एकवीस वर्षांची झाली. हळू बोलते जरा.

टाके काढायला गेलो तर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, उजवंही सैल आहे, त्यालाही पीळ पडू शकतो. छोटं ऑपरेशन करू, टाके घालून जागच्या जागी पक्कं करू. मी काय म्हणाले असेन? रिपोर्ट चांगला आहे, चांगल्याला टाका कशाला? औषधातलं आपल्याला कळतं ना — अर्ध्या हळकुंडानं पिवळी झालेली बाई मी. त्यांनी दोनदा विचारलं. दोन्हीदा नको म्हणाले.

दोन वर्षांनी उजवंही गेलं. शाळेच्या सहलीला गेली होती, दवाखान्यात पोचायला सात तास लागले. आता रोज हार्मोनची गोळी घेते, याच फळीवरची, मीच काढून देते. लग्नाचं कुणी काढलं की उठून जाते. परवा मलाच म्हणाली, आई, माझं नशीबच तसं, तू तरी काय करणार होतीस. मी नुसतं हं म्हणाले. टाक्यांचं तिला ठाऊकच नाही, ताई. कुणालाच सांगितलं नाही मी, आज तुम्हालाच पहिल्यांदा —

थांबा. खोक्यांचा आवाज कधी बंद झाला?

तुम्ही जा. मुलीला मोठ्या दवाखान्यात न्या, सोनोग्राफी करा म्हणावं, आत्ताच्या आत्ता. नाही, डॉक्टरची चिठ्ठी-बिठ्ठी काही लागत नाही तिथे. जा ना ताई तुम्ही.