निळ्या डब्यातलं इंजिन

...आणि वर मलाच विचारतात, "ताई, छपरावरचा पंखा फिरणारा हवा की नुसता दिसणारा?" आता तुम्हीच सांगा, मी काय इंजिनाखाली वारा घेत झोपणार आहे का?

मी आपली खेळण्यांचं दुकान समजून गेले. खेळण्यांचं कसलं! काचेच्या कपाटात आगगाडीची वीतभर इंजिनं, आणि हात लावायला गेले तर दुकानदार असा दचकला, जणू मी त्याचं तान्हं बाळच उचलतेय. म्हटलं, दादा, डिझेल इंजिन दाखवा, लांब नाकाचं, हिरवं. त्याने दोन ठेवली काउंटरवर. एक निळ्या डब्यातलं, एक लाल डब्यातलं, दोन वेगळ्या कंपन्यांची. मी इकडून बघितली, तिकडून बघितली. म्हटलं, ही तर सारखीच आहेत! तर म्हणतो कसा, "सारखीच आहेत हो ताई... पण फरक आहे."

फरक आहे म्हणे!

तेवढ्यात शेजारी उभे होते एक चष्मेवाले काका, त्यांनी खिशातून भिंगच काढलं. "फरक? अहो, निळ्याची जाळी बघा, एकेक भोक मोजून घ्या! आणि या लालवाल्यांनी नाक दोन केसांनी आखूड केलंय. दोन केसांनी! लाज वाटायला हवी!" दुकानदार म्हणाला, "पण काका, लालची मोटर बघा, किती डबे ओढते." "ओढू दे! गाढवही ओढतं!" झालं, जुंपली दोघांची, आणि मी मधे पर्स पोटाशी धरून उभी. मग काका माझ्याकडे वळले. "तुमचे रूळ किती वळणाचे?" म्हटलं, रूळ नाहीत, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापासून पलंगाखालपर्यंत फरशी आहे. "मग चालवणार कशाने?" म्हटलं, हाताने. काकांनी भिंग हळूच खिशात ठेवलं आणि मयताला आल्यासारखा चेहरा केला. तो चेहरा मला आता लांबूनही ओळखू येतो.

तुम्ही म्हणाल, मग बाजारातलं प्लॅस्टिकचं घ्यायचं. घेतलं होतं की! लेकीने उलटंपालटं करून बघितलं आणि परत दिलं. "हे धुराड्याचं आहे. बाबांचं डिझेल आहे." पाच वर्षांची पोर! पण बापच डिझेलवर ड्रायव्हर ना. मालगाडी घेऊन घरामागच्या वळणावरून जायचे तेव्हा हॉर्न, एक लांब, एक छोटा, आणि ही मागच्या पायरीवर उड्या मारायची. घरी आले की दारात आडवी. "चार्ज दिला का?" "दिला, साहेब!" तेवढं म्हटल्याशिवाय आत घ्यायची नाही. ह्यांनीच शिकवलेलं तिला, की बदलीचा माणूस यायचा, इंजिन त्याच्या ताब्यात द्यायचं, त्याला म्हणतात चार्ज देणं, आणि मगच खाली उतरायचं. तोवर भूक लागो, झोप येवो, इंजिन सोडायचं नाही. बदलीचा माणूस आला नाही म्हणून कितीदा ताट झाकून बसलेय मी...

गेल्या थंडीत ते गेले. छातीत दुखतंय म्हणाले, आणि... जाऊ द्या.

घरातली मोठी माणसं म्हणाली, पोरीला सांगू नकोस, लहान आहे. मग मी सांगितलं, बाबा ड्युटीवर आहेत. तेव्हापासून ती ड्युटी काही संपेना. मागे हॉर्न झाला की पोरगी मान वर करते, छोटा हॉर्न आला नाही की मान खाली. आणि एक दिवस म्हणाली, "बाबांचं इंजिन आण. मी आत बघते."

आत बघते! म्हणून मी दुकानात ना जाळी बघितली ना नाक. खिडकी बघितली. लालमध्ये ड्रायव्हर बसवलेला होता. तांदळाएवढा, टोपी, मिशी. म्हटलं, आमच्या ह्यांना मिशी नव्हती. तर दुकानदार चिमटा घेऊन तयार, "खरवडून देतो की ताई!" अहो, असा खरवडून कुणाचा नवरा मिळतो का? आणि तो तांदूळ सुटला नि पोरीने गिळला तर? निळ्यात बघितलं तर सीट आहे, हँडल आहे, माणूस नाही. दुकानदार म्हणतो, "बाकी सारखीच आहेत हो, फरक तेवढाच."

तेवढाच! एकात परका बसलाय, एकात कुणीच नाही. निवडा!

रिकामं घेतलं. रस्ताभर एकच विचार. ती विचारणार, बाबा कुठे? काय सांगू, चहाला उतरलेत?

घरी लेकीने फरशीवर पालथं पडून, एक डोळा मिटून खिडकीतून बघितलं. बघतेय, बघतेय... मग उठून बसली. म्हणाली, "बाबांनी चार्ज दिला."

आणि मलाच विचारते,

"कुणाला दिला?"

तिने माझ्याकडे बघितलं, बघितलं, आणि इंजिन उचलून माझ्या हातात ठेवलं. "तुला दिला."

तर तुम्हाला सांगते, तेव्हापासून रोज संध्याकाळी मी उंबऱ्यापासून पलंगाखालपर्यंत रांगतेय. हॉर्न तोंडाने. "आई, लांबवाला कमी पडला, परत!" गुडघे सोलले, दूध उतू गेलं, शेजारीण दारातून डोकावून विचारते, "अगं, बरी आहेस ना?" आहे हो, सारखीच आहे... पण फरक आहे.

काल म्हटलं, बाई गं, दमले, आता उठू दे मला. तर कमरेवर हात ठेवून उभी.

"बदलीचा माणूस आला का?"

म्हटलं, नाही आला.

"मग?"

मग काय... वाजवला हॉर्न.