अनुसयाक्काच्या फोनमधल्या जागा

मंडळी, आज काल्याचं कीर्तन! सात दिवस झाले. तुम्ही दमलात, मी दमलोय, माझा गळा तर परवाच बसलाय. तेव्हा जास्त ताणत नाही. एकच प्रश्न विचारतो आणि तुम्हाला महाप्रसादाला मोकळं करतो. एखाद्याचं भलं करायला निघालेला माणूस त्याचं वाईट कसं करून बसतो? काय म्हणता, मुद्दाम? छे हो! मुद्दाम करणारा लांबून ओळखू येतो. मी विचारतोय ते मायेच्या माणसाबद्दल. ऐका!

विट्याच्या एसटी स्टँडसमोर गजेंद्र कासार नावाचा एक गडी. मोबाईल दुरुस्तीचं दुकान — एवढंसं! दोन गिऱ्हाईकं आत उभी राहिली की तिसरं रस्त्यावर. चाळिशी आलेली, लग्न जमता जमता राहिलेलं, घरात दोघंच — तो आणि त्याची आई अनुसयाक्का. सकाळी नऊला शटर वर गेलं की दिवसभर एकच गाऱ्हाणं. "गजाभाऊ, फोन हँग होतोय." हा म्हणणार, "स्टोरेज भरलंय. बॅकअप घेतलाय का?" समोरचा म्हणणार, "म्हंजे काय?" — आता रोज चाळीस वेळा हेच! माणूस थकेल का नाही? थकलाच होता बिचारा.

तुम्हालाही चार शब्द सांगतो, नाहीतर कथा डोक्यावरून जायची. होम स्क्रीन म्हणजे फोनची ओसरी — उघडला की पहिल्यांदा दिसते ती. तिच्यावर मांडलेली चित्रं म्हणजे आयकॉन. वॉलपेपर म्हणजे मागची भिंत. थीम म्हणजे सगळ्या घराची रंगरंगोटी. आणि लाँचर म्हणजे — हसायचं नाही हां — नवी सून! आली की आधी फळीवरचे डबे हलवते! (मागच्या रांगेतल्या सासूबाई, मान डोलवू नका, तुम्हीही कधीतरी हलवलेत!) आता राहिला रॉम. रॉम म्हणजे फोनचा स्वभाव. कंपनीनं घातलेला स्वभाव काढायचा, दुसऱ्यानं बनवलेला बसवायचा — तो कस्टम रॉम. त्यासाठी बूटलोडर नावाचं कुलूप उघडावं लागतं. आणि कुलूप उघडलं की आतलं होतं नव्हतं सगळं पुसलं जातं!

आता अनुसयाक्काला अक्षर येत नाही. पण फोन येतो! कसा? जागेवरून. वरच्या कोपऱ्यात तिचा थोरला भाऊ आप्पा, त्याच्याखाली नणंद, मधोमध गजा. बोट ठेवलं की फोन लागतो. ही मांडणी कुणी करून दिली होती? गजेंद्रनंच! सहा वर्षांपूर्वी, शेजारी बसून. आणि तोच विसरून गेला.

आप्पा राहायचे आटपाडीच्या पलीकडं. ऐंशी पार केलेले, एकटे. दुपारी चार वाजले की बहीण-भावाचं बोलणं ठरलेलं. जेवलास का? जेवलो. गुडघा कसाय? हाय तसाच. संपलं! पण त्या दोन मिनिटांवर दोघांचा दिवस निघायचा.

एका रविवारी गजेंद्र आईचा फोन बघतो तर काय — गोगलगाय! मनाला वाटलं, दिवसभर जगाचे फोन नीट करतो, आईचाच असा? माया आली हो! बसला मांडी घालून. कुलूप उघडलं, नवा रॉम टाकला, नवा लाँचर, काळीभोर थीम, नाजूक नाजूक आयकॉन. नंबर बॅकअपमधून आले, फोटो आले. "आई, बघ कसा पळतोय!"

अक्कानं बघितलं. काळ्या काचेवर बोट फिरवलं. म्हणाली, "गजा, आप्पा कुठं गेला रं?"

तो ताटावर होता, दमलेला. "सगळं आहे त्यात, आई. नवीन आहे, सवय होईल."

दुसऱ्या दिवशी तिनं पुन्हा तोंड उघडलं होतं. पण लेकाचा चेहरा बघितला आणि भाकरी वाढली. विषय तिथंच मिटला.

मंडळी, अकरा दिवस गेले! आई गप्प असते हे गजेंद्रला दिसत होतं. त्याला वाटलं, थंडी सुरू झालीय, वय झालं. बाराव्या दिवशी भर दुपारी दुकानापुढं कोण उभं? आप्पा! दोन गाड्या बदलून आलेले, धोतर धुळीनं भरलेलं, श्वास लागलेला.

"मामा! तुम्ही कसे काय?"

"गजा, खरं सांग. अनूला माझं काय लागलं का? रोज फोन लावतोय, वाजतो, उचलत न्हाई. भाऊबीजेला आलो न्हाई म्हणून रुसली का? गुडघा धरला हुता रं माझा."

गजेंद्रनं हातातला स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. समोर गिऱ्हाईक होतं, त्याला उद्या ये म्हणाला, शटर ओढलं आणि मामाला घेऊन घरी आला. अक्का दारात आली. भावाला बघितलं आणि चौकटीला धरून खालीच बसली.

"आप्पा, जिता हाईस व्हय रं तू?"

"मला काय धाड भरलीय? तू फोन का उचलत न्हाईस?"

"वाजायचा की! आधी हिरव्यावर बोट दाबलं की तू बोलायचास. आता दाबते, दाबते, कायच हुईना. कोण हाय तेबी कळंना. वाटायचं, तुझंच कायतरी सांगाया कुणी फोन करतंय."

नव्या रॉममध्ये फोन उचलायला बोट वर सरकवावं लागत होतं, महाराज! एवढंच! आणि एवढ्यासाठी एक म्हातारी अकरा दिवस भावाच्या मरणाची बातमी वाजताना ऐकत होती.

गजेंद्र म्हणाला, "आई, मला सांगायचं तरी."

"सांगितलं की. तू म्हणालास, सवय हुईल." तिच्या आवाजात राग नव्हता हो! "मग मी सवय करत हुते."

गजेंद्र तिच्या शेजारी जमिनीवर बसला. सगळे आयकॉन काढून टाकले, पाटी कोरी केली आणि फोन तिच्या पुढ्यात धरला. "कोण कुठं होतं, आई?" तिनं बोट ठेवलं — इथं आप्पा. त्याच्याखाली वन्सं. मधी तू. बोट टेकेल तिथं तो नाव मांडत गेला. मग हिरवं बटण दाबून फोन उचलायची सोय करून दिली.

"आता लाव बघू."

अक्कानं वरच्या कोपऱ्यात बोट ठेवलं. आप्पाच्या बंडीत फोन वाजला. हातभर अंतरावर बसलेला तो म्हातारा — त्यानं काय करावं? बंडीतून फोन काढला आणि कानाला लावला! "अनू?"

"जेवलास का, आप्पा?"

"न्हाई. सकाळधरनं न्हाई जेवलो."

मंडळी, गजेंद्र उठला आणि चुलीकडं तोंड करून रडला. ज्याचं भलं करायचं त्यालाच विचारायचं राहून गेलं होतं.

आणि तुम्ही? नुसते डोळे पुसू नका. खोली बदललीत, औषधाची वेळ बदललीत, अंथरूण आतून बाहेर घातलंत, आणि वर म्हणालात — सवय होईल! तुमच्याही घरात कुणीतरी एकदाच विचारलं असेल आणि नंतर गप्प बसलं असेल. तुम्हाला वाटतंय त्यांना जमलं. आज प्रसाद घ्या, घरी जा, आणि त्यांच्या शेजारी जमिनीवर बसा. थकला असाल तरी बसा. तीही थकलीत — तुमची सवय करून करून. म्हणा आता, दमलेल्या आवाजात का होईना, पण मनापासून — विठ्ठल!