आधीच्या घरमालकाचं पत्र

तुम्ही आमच्या सुजाताचं विचारलंत म्हणून सांगतो. पोर्तुगालला नोकरी लागली, तेव्हा कळलं की राहण्याचा व्हिसा मागायच्या आधीच तिकडं भाड्याचं घर घेऊन करार दाखवावा लागतो. मी तीस वर्षं तहसीलमध्ये कारकून होतो. अशी अट आम्हालाही सुचली नव्हती.

घर फोनवरच सापडलं. पण मालक म्हणाला, आधीच्या घरमालकाचं पत्र हवं, नाहीतर घर दुसऱ्याला. आता पोरगी जन्मापासून केजला आमच्याच घरात राहिलेली.

"म्हणजे घरमालक मीच," मी म्हणालो.

"लई आले मालक!" बायको म्हणाली. "घर माझ्या नावावर हाय."

मग मी लिहायचं आणि तिनं सही करायची, असं ठरलं. तिकडच्या मालकानं प्रश्नच पाठवले होते. किती वर्षं राहिली? सव्वीस. शेजाऱ्यांना त्रास?

"न्हाई लिवा. गच्चीवर गाणी लावायची, ते कशाला सांगायचं?"

शेवटचा प्रश्न होता, या भाडेकरूला पुन्हा ठेवाल का?

बायकोनं तो मला पुन्हा वाचायला लावला. मग म्हणाली, "लिवा, कवाबी."

मी 'होय, कधीही' लिहिलं. तिनं सही केली. सुजातानं कागद वाचला.

"बाबा, 'कधीही' काढा. त्याला वाटंल, ही चार महिन्यांत परत जाईल."

नोकरीत मी कुणाची खाडाखोड चालवून घेतली नाही. नवा कागद घेतला आणि नुसतं 'होय' लिहिलं.