मागं कललेली डोलकाठी

मी सारसोळ्याचा, खाडीकाठच्या कोळ्याचा पोर. आता बघाल तिथं इमारती हायत, पन तवा भरतीचं पानी आमच्या दारापरत यायचं, न् बापसाची शिडाची होडी समोरच बांधलेली असायची. थोरला पोरगा मी, तवा होडी माझीच व्हनार, हे कुनी बोलून दाखवायची गरजच नव्हती. मला दुसरं काय नको व्हतं, काय सांगू तुम्हाला, नुसती तेवढी होडी.

स्वातंत्र्य मिळून दहा-बारा वर्सं झाली असतील, हंगाम वाईट गेला, तवा बापूस बोलला, मुंबईला जा, थोडी नोकरी कर, मग ये. तिथं बोटींचा एक क्लब व्हता, त्यात एक साहेब, मानूस सोन्यासारखा हां, त्याची शर्यतीची बोट व्हती, दोन बारक्या होड्या शेजारी जोडाव्या तशी. कॅटमरान बोलायचे तिला. तिची डोलकाठी उभी करायची, तारा तानायच्या, शीड बसवायचं, हे माझं काम. पयल्याच दिवशी मी काठी पुढं कलती केली, आमच्या होडीची असते तशी, कारन आमच्या शिडाचा लांब बांबू वळताना काठीच्या पुढनं फिरवायचा असतो, त्याला जागा नको का? साहेब पान्यात गेला न् बोटीनं तोंड खुपसलं, साहेब पुढनं पान्यात. वर आला तो हसतच. बोलला, अरे, हिची काठी मागं कलते, मागं.

त्यानंच शिकवलं. वारा हलका तर शिडाला पोट ठेवायचं, वारा वाढला की शीड सपाट तानायचं, काठी आनखी मागं. साहेब शर्यती जिंकायला लागला. मी बोलायचो, साहेब, आता घरी जातो, तो बोलायचा, एवढी शर्यत होऊ दे रे. एक झाली की दुसरी. बोटीवर तो न् त्याचा भाचा बसायचे, मी किनाऱ्यावर. सगळे चांगले वागायचे, तरी जीव कोंडायचा माझा तिथं.

शेवटी एका नारळी पुनवेला नोकरी सोडूनच आलो. बापसाच्या डोळ्यांत मोतीबिंदू, पन खूश लई. बोलला, यंदा काठी तू उभी कर, आजपासनं होडी तुझी. वाजंत्री, नाच, नारळ, सगळा गाव काठावर. त्या गडबडीत मी काठी उभी केली, दोऱ्या आवळल्या, विचार काय केलाच नाय, हातांनीच केलं. बापूस सुकानूवर, धाकटा भाऊ पुढं. पयल्याच वळनाला बांबू काठीत अडकला, शीड काठीला गुंडाळलं, न् होडी वाऱ्यानं ढकलत ढकलत चिखलावर जाऊन बसली. ओहोटी लागलेली. पानी निघून गेलं. आमी तिघं होडीत, चहूकडं कमरेएवढा चिखल, उतरता येत नाय, न् काठावरनं सगळा गाव बघतोय. धाकट्यानं वर मान केली, बोलला, दादा, काठी मागं कललीय.

बापूस रागावला असता तर बरं झालं असतं बघा. त्यानं सुकानू सोडलं. मग चाचपडत माझ्या पाठीवर हात ठेवला न् बोलला, बाला, तुझा हात आता तिकडचा झाला. चांगला हात हाय, वाया घालवू नको. तू परत जा, होडी धाकट्याला देतो.

मी गेलो. साहेबानं ठेवून घेतलं, तिथंच केस पिकले. आता जुईनगरला पोराकडं असतो. बापूस गेला, धाकटा भाऊ पन गेला, होडी कवाच मोडली. कुनावर राग नाय माझा. पन भरती येईपरत त्या चिखलात आमी बसून व्हतो, बोलायला कितीतरी वेळ व्हता, न् मला एवढं बोलता आलं नाय की बाबा, मी चुकलो, परत शिकीन, मला राहू दे. बापसानं राहू दिलं असतं. नक्की दिलं असतं. जाऊ द्या. तुमची पोरं सुखात राहोत, न् कवा घरी परत आलीच, तर त्यांना लगेच जा बोलू नका.