साखर वाटण्याआधी

मंडळी, आधी एक कबुली. सहा महिने माझ्या पोथीत एक पत्र पडून होतं. उत्तर दिलं नव्हतं! लिहिणारी अनुराधाताई खोत. नवरा सरहद्दीवरच्या ठाण्यावर. लिहिते, "बुवा, आपल्या विमानांनी शत्रूचा अस्त्रांचा कारखाना उडवला म्हणे. गल्लीत पेढे वाटले. माझ्या घशाखाली उतरेना. 'खरंच संपलं का सगळं?' एवढंच विचारलं, तर सासूबाई म्हणाल्या, अवलक्षणी! बुवा, शंका घेणं पाप आहे का?"

आहे का हो? बोला! गप्प? मीही असाच गप्प होतो. चार पोथ्या वाचलेला म्हातारा, मला कुठलं कळतंय! म्हणून आख्यान सांगतो, ऐका.

कळकगडचा राजा. घाटापलीकडे शत्रू, आणि शत्रूचं दारूचं कोठार! मागे कोण हसलं? तोफेची दारू, बाबांनो! राजानं सरदार हैबतरावांना पाठवलं. कोठाराला आग लावून ते आठ दिवसांत परत! "महाराज, फत्ते! राख झाली!" हत्ती सजला, वर साखरेची पोती! राजा म्हणाला, "घाटातली चौकी उठवा. घाटाखालच्या आंबेतळी गावची माणसं गडावर आसऱ्याला किती दिवस ठेवायची? जाऊ द्या घरी!"

तेवढ्यात पुढे आला यमाजी. गडावर दारू कुटणारा, भाजलेल्या बोटांचा. त्याची बाळंतीण लेक उद्या आंबेतळीलाच परतणार होती.

"सरदार, धूर कसला होता?"

"कसला म्हणजे? धुरासारखा धूर!"

"रंग?"

"काळा! आभाळ झाकलं!"

यमाजीचं तोंड उतरलं. "काळा धूर छपराचा, सरदार. दारूचा धूर पांढरा."

"पांढराही होता की! नंतर... थोडा."

"थोडा म्हणजे किती?"

"अरे, मी पळत होतो की मोजत होतो!"

राजा कडाडला, "यमाजी, म्हणजे मोहीम फसली?"

"तसंही नाही, महाराज."

"मग साधली?"

"काही जळली. बाकीची आधीच हलवली होती का — माहीत नाही."

दरबार हसला! "दारू कुटून कुटून भित्रा झाला!"

यमाजीनं हात जोडले. "भित्रा तर भित्रा. सरदार शूर आहेत, जीव धोक्यात घालून आले. पण चौकी उठली आणि दारू उरली असली, तर घाटाखालचं पहिलं घर माझ्या लेकीचं, महाराज!"

राजानं साखरेच्या पोत्यांकडे पाहिलं. मग म्हणाला, "हत्ती थांबवा. चौकी राहू द्या."

पुढे? शत्रू आला? नाही! दोन वर्षं गेली, कुणी फिरकलं नाही. लोक चिडवायचे, "काय यमाजी, कुठाय तुझा शत्रू?" आता सांगा — चौकी होती म्हणून आला नाही, की दारूच उरली नव्हती? यमाजीला मरेपर्यंत कळलं नाही. मला तरी कुठं कळलंय?

आणि आपण? त्या दिवशी देवळासमोर फटाके कुणी वाजवले? तुम्हीच ना! टाळ्या मी वाजवल्या. जवानांच्या धैर्याला वाजवाव्यातच! पण 'काम झालं का?' असं विचारणाऱ्या बाईला गप्प कुणी केलं? आपल्यातल्याच कुणीतरी. आणि उत्तर न देऊन — मीसुद्धा!

आज इथे येताना कार्ड लिहिलं. चार वेळा खोडलं. "ताई, पाप नाही. संपलं का, ते मला माहीत नाही. सासूबाईंना हे कार्ड दाखवा. रागावल्या तर माझ्यावर रागावू देत. उशिराबद्दल क्षमा करा." टपालपेटीपाशी उभा राहिलो, मंडळी. टाकलं.