फ्रीजरमधला शालू

चारकोपच्या मासळीबाजारात माझा नंबर येईपर्यंत पुढच्या दोघी शेजारणींचं ऐकणं भागच होतं.

“एवढी ताजी सुरमई, अस्मिता, आणि तू दोनच तुकडे घेतेस?”

“फ्रीजरमध्ये जागा नाही गं. सासूबाईंनी त्यांचा लग्नातला शालू ठेवलाय.”

“फ्रीजरमध्ये?”

“कसर लागलीय. पिशवीत घट्ट बांधून गोठवला की अळ्या मरतात, असं मोबाइलवर बघितलं त्यांनी.”

“डांबरगोळ्या टाकायच्या ना.”

“त्यांचा वास जात नाही म्हणाल्या. नेसायचाय लगेच.”

“या वयात शालू नेसून निघाल्या कुठे?”

“त्या नाही. अपूर्वा नेसणार, सिद्धेशभावजींची होणारी बायको. मला आजवर हात लावू दिला नव्हता.”

“पण त्या तर लग्नाला येणारच नाही म्हणाल्या होत्या ना?”

“अजून तेच म्हणतात. मुलगी मासे खात नाही, आपल्या घरात कशी निभावणार, म्हणून.”

“मग शालू कसा देतायत?”

“काय माहीत. आधी सगळे बांगडे, बोंबील बाहेर काढले. फ्रीजर स्वतः लिंबाने घासला, दोनदा. म्हणाल्या, पोरीला मासळीचा वास यायला नको.”